सातवी ब आणि थर्माकोलचा दीपस्तंभ

दर्शना भिवाजी मॉरिशसहून मास्तरीण व्हायला इकडे आली, आणि शाळेतल्या पहिल्याच दिवशी तिने स्वतःच्या स्वागताचं ताट स्वतःच्याच हातात धरलं.

त्यात तिची चूक नव्हती. नीट पाहिलं तर कुणाचीच नव्हती. चिंचवडच्या बी.एड. कॉलेजाने सराव पाठांसाठी तिला दिघीतली एक शाळा नेमून दिली होती, आणि 'परदेशी प्रशिक्षणार्थी येत आहेत, सहकार्य करावे' असा निरोप शाळेत आधीच पोचला होता. परदेशी म्हटल्यावर मुख्याध्यापकांच्या डोळ्यांपुढे जी बाई उभी राहिली, तिचे केस सोनेरी होते. त्यांनी लेझीमचं पथक फाटकाशी उभं केलं, रांगोळी काढून घेतली, आणि इंग्रजीच्या शिक्षकांना दोन वाक्यं पाठ करायला सांगितली.

अशा वेळी रिक्षातून एक सावळीशी, वेणी घातलेली, कॉटनचा पंजाबी ड्रेस घातलेली मुलगी उतरली. बारामतीची कुणाची तरी भाची असावी अशी. ती काही बोलणार तेवढ्यात मराठीचे जयसिंग सर म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा, फॉरेनच्या पाहुण्या यायच्यात." ताट धरायला नेमलेल्या बाई नेमक्या पदर नीट करायला आत गेल्या होत्या. सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ताट दर्शनाच्या हातात दिलं. "एवढं धरा पाच मिनिटं."

दर्शनाला वाटलं, इथली पद्धत असेल. मॉरिशसला आजा सांगायचा, की तिकडे पाहुण्याला आधी कामाला लावतात, म्हणजे तो घरचा होतो. ती ताट धरून उभी राहिली.

थोड्या वेळाने लष्करी वसाहतीतली एक उंच, गोरीपान पंजाबी बाई मुलाचा दाखला न्यायला आली. लेझीम सुरू झालं. मुख्याध्यापक हात जोडून पुढे झाले. दर्शनाने रीतसर तिला कुंकू लावलं, ओवाळलं. बाईने नारळ घेतला, शाल घेतली, दाखला घेतला, आणि 'बहुत अच्छा स्कूल है जी' असं म्हणून स्कूटरवरून निघून गेली. ती गेल्यावरही मुख्याध्यापक बराच वेळ फाटकाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "पाहुण्या परत कधी येणार म्हणाल्या?"

"महोदय," ताटातला दिवा वाऱ्यापासून सांभाळत दर्शना म्हणाली, "मला वाटते, ती मीच आहे."

शाल एकच आणली होती.

*

दर्शनाच्या घरी क्रिओल, म्हणजे मॉरिशसची बोली, बोलत. मराठी होती ती आज्याच्या तोंडची आणि शाळेतल्या पुस्तकांतली. त्यामुळे ती बोलायला लागली की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटायचं. भाजीवाल्याला ती 'कृपया अर्धा किलो भेंडी द्यावी' म्हणायची, आणि तो बिचारा उठून उभा राहायचा.

ती दिघीतच शालनबाई ओव्हाळ यांच्या घरी राहायची. शालनबाईंचे मालक भोसरीच्या कंपनीत लेथवर होते, चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा संघर्ष चाकणला कंपनीत. माडीवरची खोली रिकामी होती. पहिल्या संध्याकाळी शालनबाईंनी भाकरी थापता थापता चौकशी केली.

"गाव कंचं तुझं?"

"मॉरिशस."

"ते आत्ताचं. मूळचं?"

"ठाऊक नाही. आज्याचा आजा कोकणातून जहाजाने गेला. आजा म्हणतो, गावाचे नाव वाटेत समुद्रात पडले."

"आन् आडनाव?"

"तेही पडले. भिवाजी हे आज्याच्या आज्याचे नाव. तेच आम्हाला आडनाव झाले."

शालनबाईंनी भाकरी उलटली. "लई बेस झालं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासंगट आणखीबी काय काय पडलं आसंल. आमाला त्ये टाकायला लई वर्सं लागली. खा गरम गरम."

शेजारपाजारच्या बायका 'फॉरेनर' बघायला यायच्या आणि हिरमुसून जायच्या. शालनबाई मात्र मागे हटल्या नाहीत. "दिसाया नसंल, पर हाय फॉरेनरच," त्या ठणकावून सांगत. "भेंडीला कृपया म्हनती."

दर्शनाचं सगळं ठीक चाललं होतं. घोडं अडलं होतं एका जागी. तिच्या गावच्या शाळेत मराठीचा एक वर्ग होता. तो चालवणारे म्हातारे मास्तर येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि प्रशिक्षित माणूस मिळाला नाही तर वर्गच बंद करायचा असं तिथल्या लोकांनी ठरवलं होतं. माणूस म्हणजे दर्शनाच. दुसरं कुणी नव्हतं. आजा दर रविवारी फोन करायचा आणि एवढंच विचारायचा, "कागद मिळाला का?" कागद मिळायचा तर अंतिम पाठात पास व्हायला हवं होतं. शिष्यवृत्ती मे महिन्यात संपत होती. त्या पाठात नापास झाली, तर पुन्हा परीक्षेला बसायला इथं राहायचं कसं, हा प्रश्न होता, आणि तोपर्यंत वर्गाला कुलूप लागणार ते वेगळंच.

*

अंतिम पाठ बाहेरच्या परीक्षकांसमोर घ्यायचा असतो. त्याचा एक ठरलेला साचा आहे. पाठ काय आहे ते शिक्षकाने आधी सांगायचं नाही. एकापाठोपाठ एक असे प्रश्न विचारायचे, की शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाठाचं नाव मुलांच्याच तोंडून बाहेर पडेल. मग आश्चर्य वाटल्यासारखं करून म्हणायचं, 'तर मुलांनो, आज आपण हाच पाठ पाहणार आहोत.' याला हेतुकथन म्हणतात. हेतुकथन चुकलं की गाडी सुटली.

जयसिंग सर दर्शनाचे मार्गदर्शक होते. त्यांनी तिला स्टीलचं कपाट उघडून दाखवलं. आत थर्माकोलचा एक दीपस्तंभ उभा होता. लाल-पांढरे पट्टे, खाली निळ्या कागदाचा समुद्र, वर बॅटरीचा छोटा बल्ब, मागे बटण. पूर्वी कधीतरी एका प्रशिक्षणार्थीने तो केला होता, आणि तेव्हापासून या शाळेत जो कुणी बी.एड.ला आला, त्याने सातवीच्या पुस्तकातला 'दीपस्तंभ' हाच पाठ अंतिम पाठ म्हणून घेतला.

"तुम्ही पण हाच घ्या," सर म्हणाले. "विनाकारण प्रयोग नको. दिवा लागला की मार्क पडले, हा इथला अनुभव आहे."

दर्शनाला हसू आलं. तिच्या गावाजवळ खराखुरा दीपस्तंभ होता. असाच लाल-पांढरा.

"मग काय, घरचंच कार्य," सर म्हणाले. "वर गेला असाल ना?"

"नाही, महोदय. रोज खालून बस जायची. त्यामुळे राहून गेले."

पहिला सराव पाठ तिने सातवी 'ब'वर घेतला. पाठाचं टाचण मान मोडून लिहिलं होतं. फळ्यावर तारीख घातली, घसा साफ केला आणि पहिला प्रश्न विचारला, "मुलांनो, रात्री आकाशात काय पसरते?"

"दीपस्तंभ," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

दर्शनाने टाचण पाहिलं. टाचणात पहिल्याचं उत्तर 'अंधार' होतं. दुसऱ्याचं 'दिवा'. तिसऱ्याला कुठे जहाजं यायची होती.

"अंधार पसरतो ना?" ती अजिजीने म्हणाली.

"हो मॅडम, पण शेवटी दीपस्तंभच येणार ना," पहिल्या बाकावरची वर्षाली म्हणाली. "उगं कशाला लांबवायचं?"

झालं होतं असं. परीक्षक येणार म्हटल्यावर वर्ग भरलेला दिसावा म्हणून पाचवी-सहावीची मुलंही आणून बाकांवर बसवायची, ही शाळेची जुनी रीत. त्यामुळे ही पोरं पाचवीत असल्यापासून दर वर्षी, दर बॅचला, तो दीपस्तंभ पाहत आली होती. दिवा कितव्या मिनिटाला लागतो, फळ्यावर काय लिहिलं जातं, 'शाब्बास' कुठे म्हणायचं, हे त्यांना शिक्षकांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या बँडवाल्यांना मंगलाष्टकं पाठ होतात, त्यातलाच प्रकार.

तास संपल्यावर दर्शना टेबलाशी डोकं धरून बसली. वर्षाली आणि समर्थ जवळ आले. समर्थ हा मागच्या बाकावरचा, अंगाने थोराड, आवाज फुटायला लागलेला. वर्षाली वर्गाची कारभारीण.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," वर्षाली म्हणाली. "आज तुम्ही सांगितलं नव्हतं ना, खरी प्रॅक्टिस हाय म्हणून. आमाला वाटलं, नुसतंच चाललंय. परीक्षेच्या दिवशी आम्ही नीट करतो."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे माहीत नसल्यासारखं. अंधारला पाच जणांनी हात वर करायचा. दिव्याला सगळ्यांनी. जहाजाचा प्रश्न आला की समर्थ चुकतो."

"कायम मीच चुकतो," समर्थ जरा अभिमानाने म्हणाला. "तुम्ही विचारायचं, समुद्रात जहाजांना वाट कोण दाखवतं? मी म्हणणार, ट्रॅफिक पोलीस. मग तुम्ही हसून म्हणायचं, 'छान प्रयत्न, समर्थ.' रंगराव सरांना ते लई आवडतं."

"रंगराव सर कोण?"

"परीक्षक. तेच येतात. पहिल्या प्रश्नाला डोळे झाकतात, दिवा लागला की उघडतात, मग चहा मागतात. चांगले हायत. तेवढी एकच गोष्ट, मॅडम, तुम्ही घाई करता. मागच्या वर्षीच्या मॅडम प्रश्न विचारून डावीकडून उजवीकडं हळूहळू बघायच्या. पंखा फिरतो ना, तसं. भारी वाटायचं."

दर्शनाला हे काही पटेना. मुलांना येत असलेलं त्यांना येत नाही असं दाखवून मग ते शिकवायचं, हा कुठला न्याय? पण शिकवायचं दुसरं तिला तरी कुठे काय येत होतं? रात्री ती पांघरुणात स्वतःशीच वाद घालायची, आणि दोन्ही बाजूंनी हरायची. शेवटी आज्याचा रविवारचा प्रश्न आठवला, की वाद मिटायचा. तिने वर्षालीचं ऐकलं. रोज मधल्या सुट्टीत तालीम सुरू झाली. मान डावीकडून उजवीकडे. छान प्रयत्न, समर्थ.

"आता जमतंय," वर्षाली एक दिवस म्हणाली. "फक्त जरा आश्चर्य कमी पडतंय."

*

परीक्षेच्या दिवशी शालनबाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. "घाबरू नगं. त्यो परीक्षक काय खातोय व्हय? आन् खाल्लं तरी शाळेतला वडाच खाईल."

वर्ग ठासून भरला होता. पाचवीची चिमुरडी तिघं तिघं एका बाकावर कोंबली होती. ती पुढच्या पिढीची तालीम. टेबलावर रुमालाखाली दीपस्तंभ झाकलेला. रंगराव सर मागच्या कोपऱ्यात खुर्चीत बसले. भरघोस पांढऱ्या मिशा, हाफ स्वेटर, मांडीवर पॅड. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, वर्गावर एक नजर टाकली आणि डोळे मिटायची तयारी केली. खिडकीबाहेर व्हरांड्यात जयसिंग सर उभे राहिले.

दर्शना फळ्यासमोर आली. तिने तारीख लिहिली. 'विषय: मराठी' असं लिहिलं. मग वळली, तोंड उघडलं, आणि तिला पहिला प्रश्न आठवेना.

नुसता प्रश्नच नव्हे. मराठीच आठवेना. डोक्यात होती नव्हती ती सगळी मराठी कुणी झाडून नेल्यासारखी झाली, आणि तिथे क्रिओलमध्ये आईचा आवाज ऐकू येऊ लागला, की पाऊस येतोय, कपडे आत घे. तिने मान डावीकडून उजवीकडे फिरवली. मुलं श्वास रोखून बघत होती. वर्षालीच्या ओठांनी बिनआवाजाचं 'रात्री' म्हटलं. दर्शनाला काही कळलं नाही.

तेवढ्यात शेवटच्या बाकावर समर्थने जबडा फाकवून जांभई दिली. खरीखुरी, आळोखेपिळोखे देणारी जांभई.

आणि दर्शनाच्या तोंडून निघालं, "का रे, झोप झाली नाही का?"

हा प्रश्न टाचणात नव्हता. पाचवीपासून कुठल्याच मॅडमनी तो विचारला नव्हता. समर्थ उठून उभा राहिला. त्याने वर्षालीकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं, आणि मॅडमची अब्रू आपल्या हाती आहे हे ओळखून खणखणीत आवाजात म्हणाला,

"अंधार, मॅडम."

वर्षालीने लगेच हात वर केला. "दिवा, मॅडम."

आता जहाजाचं कुणीतरी बोलायला हवं होतं. प्रश्न आला नव्हता, पण समर्थ आपलं कर्तव्य विसरणारा नव्हता. "ट्रॅफिक पोलीस," तो म्हणाला, आणि 'छान प्रयत्न'ची वाट बघत उभा राहिला.

"दीपस्तंभ," पाचवीतलं एक पोर न राहवून ओरडलं.

रंगराव सरांनी डोळे उघडले. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत प्रश्नांवाचून उत्तरं आलेली ही पहिलीच प्रस्तावना होती.

दर्शनाला हसू फुटलं. हसता हसता तिची मराठी परत आली. पण टाचणातली नाही, शालनबाईंच्या स्वयंपाकघरातली. "आरं बाबा," ती समर्थला म्हणाली, "मी खरंच विचारते आहे. झोप का नाही झाली?"

समर्थ गोंधळला. चुकीचं उत्तर देण्यात तो पटाईत होता. खरं देण्याची त्याला सवय नव्हती. "पप्पांची सेकंड शिफ्ट हाय, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "चाकणवरनं बस येती. ते गल्लीत शिरले की कुत्री भुंकतात. मग मम्मी उठती. मग मी उठतो."

"कुत्री ओळखत नाहीत त्यांना?"

"दिवसा वळखतात. रात्री युनिफॉर्म बघून बिथरतात."

"आमच्यातली पण," दुसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "म्हणून माझे मामा शिट्टी मारतात. शिट्टी आली की आजी दार उघडून कुत्र्यांना शिव्या देते."

"शिट्टीनं जास्त भुंकतात," समर्थ म्हणाला.

"आमची नाही भुंकत."

"तुमची कुत्री दिघीची नाहीतच. तुम्ही मॅगझिन चौकातले."

"मग घर सापडते कसे?" दर्शनाने विचारलं. "एवढ्या रात्री? सगळी दारे सारखीच."

यावर वर्ग जो सुटला तो सुटलाच. एकीकडे दारावरचा बल्ब चालू ठेवत. एकीकडे तो ठेवत नसत, कारण घरमालक खालून ओरडायचा. म्हणून तिथे कोपऱ्यावरून मिस कॉल द्यायची पद्धत. एकाच्या घरी बापाने पायऱ्यांवर रेडियमच्या पट्ट्या लावल्या होत्या, कंपनीत उरलेल्या. वर्षालीची आई चाकणला वायरिंगच्या कंपनीत होती. ती बसमधून उतरायच्या वेळी वर्षाली गच्चीवर टॉर्च घेऊन उभी राहायची.

"एकदा लावला तर सगळं ठीक," ती उभी राहून सांगू लागली. आता तिच्या बोलण्यात कारभारीणपणा उरला नव्हता. "दोनदा लावला तर दादा अजून यायचाय, कडी लावू नको. तीनदा लावला तर दूध संपलंय."

"तीनदा लावल्यावर रात्री दूध कुठून आणतात?" मागून जाड आवाज आला. वर्गाने वळून पाहिलं. विचारणारे रंगराव सर होते.

"नाही आणत, सर. पण सकाळी मला विचारत नाहीत, आधी का नाही सांगितलं म्हणून."

रंगराव सरांनी मान हलवली, समाधान झाल्यासारखी. "आणि टॉर्च बंद पडला तर?"

"मग मम्मी फोन करते."

"मग आधीच फोन का करत नाही?"

"फोन केला तर झोपलीस का नाही म्हणून ओरडते, सर. टॉर्च लावला तर ओरडता येत नाही ना लांबून."

वर्ग हसला, सरही मिशांत हसले. खिडकीबाहेर जयसिंग सर मात्र घामाघूम झाले होते. ते हवेत अंगठा दाबून दाबून 'दिवा लावा, दिवा' अशी खूण करत होते. दर्शनाने एकदा तिकडे पाहिलं. तिला वाटलं, सर म्हणतायत की छान चाललंय. तिनेही अंगठा दाखवला. रंगराव सर कुत्र्यांबद्दलचा स्वतःचा एक अनुभव सांगू लागले, त्यावर समर्थने हरकत घेतली, आणि ती चर्चा रंगात आली असतानाच घंटा झाली.

घंटेबरोबर दर्शना भानावर आली. दीपस्तंभ रुमालाखालीच होता.

रंगराव सरही भानावर आले. त्यांनी पॅड सरळ केलं, खाकरले. "मॅडम, हेतुकथन?"

"राहिले, सर."

"आदर्श वाचन?"

"राहिले."

"फळ्यावर मुद्दे?"

दोघांनी फळ्याकडे पाहिलं. तारीख मात्र अचूक होती.

"निदान मूल्यमापन तरी करू," सर सुस्कारा टाकून म्हणाले. "मी विचारतो. मुलांनो, दीपस्तंभ म्हणजे—"

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. सातवी 'ब' उठून उभी राहिली. एवढा वेळ ज्याची वाट पाहिली ते शेवटी आलं होतं. व्याख्या झाली, दीपस्तंभाचे उपयोग झाले, समानार्थी शब्द झाले, पाठातला रखवालदार वादळात दिवा कसा तेवत ठेवतो ते झालं, त्यावरून आपण काय शिकतो तेही झालं. सरांनी अवघड म्हणून शेवटच्या परिच्छेदावर एक प्रश्न टाकला, तर त्याचं उत्तर पाचवीतल्या पोराने दिलं.

सरांनी पॅड मांडीवर पालथं टाकलं. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"मॅडमनी," सगळा वर्ग म्हणाला.

इथे दर्शना गप्प राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण तिला राहवेना. "नाही, सर," ती म्हणाली. "मी नाही. हे त्यांना आधीपासूनच येत होते."

मागच्या बाकावर समर्थने कपाळावर हात मारून घेतला. "सर," तो काकुळतीने म्हणाला, "त्या परदेशी आहेत. त्यांच्यात असं बोलायची पद्धत असते."

*

शिक्षकांच्या खोलीत वडे आले होते. रंगराव सरांनी एक उचलला, पण खाल्ला नाही. दर्शना समोर हात बांधून उभी. जयसिंग सर दाराशी, घरात कुणी अत्यवस्थ असल्यासारखे.

"मी हा पाठ बरीच वर्षं तपासतोय," रंगराव सर म्हणाले. "दिवा लागला की मला कळतं, अर्धा झाला. मग मी चहा सांगतो. आज मी दिव्याची वाट बघत बसलो आणि चहाचं विसरलो."

"क्षमा असावी," दर्शना म्हणाली.

"नियमाने पाहिलं तर तुमचा पाठ झालाच नाही." सर वड्याकडे बघत होते. दर्शनाला आज्याचा फोन, गावचा वर्ग, त्याच्या दाराची हिरवी कडी, सगळं एकदम दिसलं. "पण मूल्यमापनाला पैकीच्या पैकी द्यावे लागतात. सगळी उत्तरं बरोबर आली. कोणी शिकवलं हे विचारायला कागदावर जागाच नाही. आणि मुलांच्या सहभागाचे मार्क. तिथे मी दरवेळी 'उत्तम' लिहितो. काय लिहिणार, मुलं हात तर वर करतात." त्यांनी वडा खाली ठेवला. "आज पहिल्यांदा खरं लिहितोय, आणि तोच शब्द लिहावा लागतोय. बरं दिसत नाही ते."

"म्हणजे, सर?" जयसिंग सरांनी दारातूनच विचारलं.

"म्हणजे बेरीज केली तर काठावर पास होतात. मी दोनदा करून पाहिली, कमी होतेय का ते." त्यांनी वड्याचा घास घेतला. "आता चहा सांगा. आणि त्या मुलाला विचारा, शिट्टीने कुत्री खरंच जास्त भुंकतात का. आमच्या रावेतला पण तोच त्रास आहे."

व्हरांड्यात सातवी 'ब' भिंतीला कान लावून उभी होती. आतलं अर्धंमुर्धं ऐकू आलं असावं, कारण 'काठावर' हा शब्द आल्यावर लेझीम पथकातला कुणीतरी नाचायला लागला.

*

निरोपाच्या दिवशी मुलांनी दर्शनाला भेट दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, उंच, अवघडलेली. फाडून पाहिलं, तर तो दीपस्तंभ.

"हे शाळेचे आहे," दर्शना घाबरून म्हणाली.

"आम्ही सरांना विचारलं," वर्षाली म्हणाली. "सर म्हणाले, मी कपाट उघडं ठेवून चहाला चाललोय, मला काही विचारू नका."

"मग पुढच्या बॅचला काय दाखवणार?"

"त्यांचं ते बघतील," समर्थ म्हणाला. "तुम्ही हा न्याच, मॅडम. आम्हाला आता आठवीत सुखानं जाऊ द्या."

विमानाच्या पेटीत तो मावणारा नव्हता. दर्शनाने तो घरी आणून शालनबाईंना दिला. त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला, बटण दाबलं, विझवलं, पुन्हा दाबलं. "बल्बापरीस बरा. बिल येत न्हाई," असं म्हणून त्यांनी तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला. संघर्षची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती.

रविवारी आज्याचा फोन आला. "कागद मिळाला का?"

"मिळाला, आजा. काठावर."

"काठावर म्हंजे?"

"म्हणजे पडले नाही."

पलीकडून नाक शिंकरल्यासारखा आवाज आला, आणि मग आजीला हाका मारल्याचा.

सोमवारी सकाळी संघर्ष उशिरा उठून, डोळे चोळत स्वयंपाकघरात आला. "आई, खिडकीत काय लावलंयस ते? लाल-पांढरं?"

"दिवा हाय. घर सापडाया."

"घर सापडतंय गं मला. पण कंपनीच्या बसचा ड्रायव्हर रोज चिडवतोय." त्याने चहाचा कप ओढला. "म्हणतो, राव, दिघीला समुद्र कधी आला?"

"त्याला म्हनावं, आला आन् परत चाललाय," शालनबाई दर्शनाच्या पेटीत लोणच्याची बरणी कोंबत म्हणाल्या. "बुधवारच्या इमानानं."